इस्नोफिलिया आणि बेचाळीस कबुतरं

मास्टरसाहेब पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आले, तेव्हा सासऱ्या-सुनेचं भांडण रिक्षातच सुरू झालेलं होतं आणि जिना चढून होईपर्यंत मिटलेलं नव्हतं. सून पुढं, बुरखा सावरत. मागून पांढऱ्या कुर्त्यातले उंच, किडकिडीत मास्टरसाहेब, दर दोन पायऱ्यांना थांबून खोकत. सुनेनं दारातूनच मला सांगून टाकलं, "बाई, यांचं रक्त तपासा अन् कागदावर लिहून द्या की हे सगळं कबुतरांमुळं व्हतंय. लिहून दिल्याबिगर ऐकणार नाहीत हे."

"खून मेरा है," मास्टरसाहेब दोन उबळींच्या मधे म्हणाले, "कबूतराँ का नहीं."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. रक्त तपासण्याचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता. मुकुंदवाडीला काकांकडं राहायचे आणि रोज सकाळी सायकल हाणत उस्मानपुऱ्यात लॅबला यायचे. लॅब म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं आणि वजनकाटा, आतल्या खोलीत खिडकीशी मायक्रोस्कोप, एक फ्रीज, आणि एक मोरी, जिच्या फरशीला आमच्या रंगांनी कायमची जांभळी करून टाकलेली. लॅबचे मालक डॉक्टर पन्नाशीचे, मितभाषी. त्यांना सगळेच सर म्हणायचे. ते दुपारी कॉलेजात शिकवायला जायचे, तेवढा वेळ लॅब माझ्या ताब्यात असायची आणि मला ती जरा जास्तच माझी वाटायची.

त्या वर्षांत आमच्याकडं येणाऱ्या दर चौथ्या माणसाला एकाच आजाराची शंका असायची, 'इस्नोफिलिया'. खरा शब्द इओसिनोफिलिया, पण तो कुणाच्याच जिभेवर बसत नसे. सर्दी हटत नाही, इस्नोफिलिया असेल. अंगावर गांधी उठतात, इस्नोफिलिया. वाळूजच्या कारखान्यांतून येणारे कामगार तर नाव सांगायच्या आधी, "मॅडम, मला इस्नोफिलिया हाय," असं सांगायचे. त्यात तथ्यही होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल नावाची एक जात असते. एरवी ती थोडकी असते, पण शरीराला एखादी गोष्ट सोसेनाशी झाली की ती वाढते. म्हणून ॲलर्जीचा संशय आला की डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि आम्ही मोजायचो.

मोजायचं म्हणजे अक्षरशः डोळ्यांनी, एकेक. बोटाला सुई टोचायची, काचेच्या बारीक नळीत खुणेपर्यंत रक्त ओढून घ्यायचं, तेही तोंडानं, रबरी नळी दातांत धरून. पहिल्याच आठवड्यात माझा अंदाज चुकला आणि एका गृहस्थाचं रक्त थेट माझ्या जिभेवर आलं. ते बिचारे घाबरून, "अजून काढायचं का?" विचारत होते आणि मी मोरीत चुळा भरत होते. रक्तात लाल रंगाचं पाणी मिसळायचं, नळी हलवायची, आणि चौकटी कोरलेल्या जाड काचेवर थेंब सोडून तो मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. त्या पाण्यात बाकीच्या पेशी विरून जातात. उरतात त्या फक्त इओसिनोफिल, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लालबुंद. दोन-चार चौकटींत मिळून एखादी दिसली तरी पुरे. मला हे काम फार आवडायचं. सांगायला संकोच वाटतो, पण पेशी जास्त दिसल्या की मी खूश व्हायचे.

मास्टरसाहेबांच्या थेंबावर काच बसवली आणि डोळा लावला, तर एकाही चौकटीत रिकामी जागा नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. चारशे-पाचशेच्या आत हवा तो आकडा चार हजारांवर गेला होता.

बाहेर येऊन मी तो सांगितला. सून कपाळावर हात मारत म्हणाली, "या अल्ला! बघा, अब्बा, बघा!"

मास्टरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. उर्दू शाळेत तीस-बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून ते निवृत्त झाले होते. पाहण्याची सवय असलेले डोळे होते ते. "बेटा, ये चार हज़ार कबूतराँ की वजह से हैं?"

सर कॉलेजात होते. चिठ्ठीवर आकडा लिहून गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं. पण मी नवी होते, पुस्तकातलं ताजं आठवत होतं आणि समोर दोन माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "ॲलर्जीच आहे, मास्टरसाहेब. दुसरं काय असणार? कबुतरं काढून टाका, आपोआप उतरेल."

 रिपोर्टाची चार पदरी घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले.

पुढचं मला सुनेकडून नंतर कळलं. बेचाळीस कबुतरं होती. निवृत्तीनंतर मास्टरसाहेबांनी जमवलेली, प्रत्येकाला नाव दिलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेगमपुऱ्यातल्या एका जुन्या दोस्ताला बोलावलं. तो मोठाल्या टोपल्या घेऊन आला. मास्टरसाहेबांनी एकेक कबूतर स्वतःच्या हातानं टोपलीत ठेवलं, कुणाला काय खायला आवडतं ते दोस्ताला सांगितलं, आणि मग ते गच्चीवर गेलेच नाहीत. दोस्तानं कबुतरांचे पंख बांधून ठेवले, म्हणजे नव्या घराची सवय होईपर्यंत उडून येऊ नयेत.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा मोजायला आले. खोकला होता तसाच, उलट वाढलेला. पहाटे पहाटे तर उठून बसावं लागतं, म्हणाले. मी मोठ्या खात्रीनं थेंब काचेवर सोडला. आकडा होता तिथंच होता. मी नळी बदलली, पाणी बदललं, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. फरक नाही.

मी पडेल चेहऱ्यानं बाहेर आले, तर सून एकाएकी रडायलाच लागली. "माझीच चूक हाय, बाई. अब्बांना सांगू नका."

अब्बा समोरच्याच बाकावर बसले होते. ते म्हणाले, "बोलो बेटा, क्या हुआ?"

तिनं सगळं सांगून टाकलं. पंख सुटल्यावर आठवडाभरातच सात कबुतरं बेगमपुऱ्याहून उडत परत आली होती. सकाळी ती कपडे वाळत घालायला गेली, तर कठड्यावर ओळीनं बसलेली. हाकलली तरी जाईनात. "त्यांचं कुणी नाय म्हणून लई कसंतरी झालं मला. रोज मूठभर बाजरी टाकते, बाई. गच्चीचं दार लावून घेते, अब्बांना कळू नाय म्हणून."

मास्टरसाहेब तिच्याकडं बघतच राहिले. कबुतरं घालवा म्हणून वर्षभर मागं लागलेली हीच बाई. "कौन कौन आया?" एवढंच त्यांनी विचारलं. तिला नावं कुठली ठाऊक? ती रंग सांगू लागली, "एक काळ्या शेपटीची, एक पूर्ण पांढरी, एक मानेवर हिरवी चमक असलेली..." प्रत्येक वर्णनाला ते मान हलवत गेले. मधेच खोकल्याची उबळ आली, पण चेहऱ्यावरचं हसू काही गेलं नाही.

तेवढ्यात सर आले. तिघांचे तीन चेहरे बघून त्यांनी मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, 'कबुतरं काढून टाका' हेही. सर चष्मा पुसत ऐकत होते.

"तुला इथं कशासाठी ठेवलंय?"

"मोजायला, सर."

"मग निकाल कशाला दिलास? पेशी वाढल्यात, एवढंच तुला दिसलं. कशानं वाढल्यात, ते काचेवर लिहिलेलं असतं का?"

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या जिवाभावाच्या बेचाळीस पाखरांपासून तोडलं होतं, तेही पुस्तकातल्या दोन ओळींच्या भरवशावर. त्या दिवशी डबा तसाच परत गेला. काकू म्हणाली, "बरं नाही का गं?" तिला काय सांगणार!

सरांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मास्टरसाहेबांना तीन आठवडे जालन्याला बहिणीकडं पाठवलं. तिथं पाखरू नाही, गच्ची नाही, आणि सुनेनं बाजरी टाकायचाही प्रश्न नाही. दुसरं म्हणजे मला बजावलं, की आल्यावर रक्त घ्यायचं ते पहिल्या वेळी घेतलं होतं त्याच सुमाराला. या पेशी दिवसभरात कमी-जास्त होतात. सकाळच्या आकड्याशी संध्याकाळचा आकडा ताडून बघण्यात अर्थ नसतो. मी वहीत वेळ लिहून ठेवली आणि खाली दोन रेघा मारल्या.

जालन्याहून मास्टरसाहेब आले ते आणखी वाळून. आकडा उतरला नव्हता, चार-दोनशेंनी चढलाच होता.

सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बराच वेळ नुसतं विचारत राहिले. खोकला कधी जास्त असतो? पहाटे. ताप? बारीक, संध्याकाळचा. वजन? कुर्ते ढिले झालेत. शौचाची तपासणी मी आधीच केली होती, पोटात जंत नव्हते. मग सरांनी विचारलं, "निवृत्त झाल्यावर कुठं बाहेरगावी राहिला होता का? चार-सहा महिने?"

"हौ, साब. बड़े बेटे के पास. उसकी नौकरी उधर थी, विदर्भ के परले सिरे पर. बरसात में गया, होली के बाद आया."

"डास होते?"

मास्टरसाहेब हसले. "साब, मच्छराँ ऐसे थे, के मच्छरदानी उठाकर ले जाते."

सरांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावून समजावलं. डासांवाटे काही बारीक जंत माणसाच्या अंगात शिरतात. एखाद्याचं शरीर त्यांच्यावर इतकं भडकतं, की फुप्फुसात जणू युद्धच पेटतं. जंत रक्तात सापडत नाहीत, पण इओसिनोफिल हजारोंनी वाढतात. दिसायला सगळं दम्यासारखं, ॲलर्जीसारखं. "आकडा तीन हजारांच्या वर गेला, की आधी हा विचार करायचा," सर म्हणाले. "औषध देऊन बघू. हेच असेल तर पेशी सांगतील."

छातीच्या डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी लिहिली. एक्स-रे निघाला, तीन आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. साध्या, पांढऱ्या गोळ्या. पहिले दोन-तीन दिवस अंग मोडून आलं, मग खोकला थंडावला. दर शनिवारी दुपारी, पहिल्या वेळेच्याच सुमाराला, मास्टरसाहेब यायचे आणि मी मोजायचे.

पहिल्याच शनिवारी ते म्हणाले, "बेटा, एक बार मुझे भी दिखाओ. इतने दिन जिसके पीछे पड़े हैं, वो दिखता कैसा है?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून बघायचं त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला. मग ते हललेच नाहीत. बाहेर दोन माणसं खोळंबली होती. "सुब्हानल्लाह," म्हणाले, "ये अनारदाने मेरे अंदर हैं?" नंतर मी त्यांना नेहमीची रंगवलेली काचपट्टीही दाखवली. तिच्यात प्रत्येक जातीची पेशी वेगळी ओळखू येते. इओसिनोफिलच्या पोटात निळ्या केंद्रकाचे दोन गोळे, मधे बारीक धागा, आणि भोवती नारिंगी दाणेच दाणे.

पुढच्या शनिवारी ते वही आणि रंगीत पेन्सिली घेऊन आले. मोजून झालं की स्टुलावर बसायचे, एक नजर आत, एक वहीवर. एका गोलात त्यांना जेवढं दिसेल तेवढंच काढायचे, एक पेशी कमी नाही की जास्त नाही. पहिल्या पानावर नारिंगी ठिपक्यांची गर्दी होती. दुसऱ्यावर मोकळी जागा दिसायला लागली. चौथ्या शनिवारी माझा आकडा हजाराच्या खाली आला आणि त्यांच्या पानावर तीनच पेशी होत्या. सून बाजूला उभी राहून पानं उलटत होती. रिपोर्टातलं तिला काही कळत नव्हतं, पण तीन पानं ओळीनं बघून ती म्हणाली, "व्हय बाई, उतरलं की!" आणखी महिनाभरानं आकडा चारशेच्या आत होता. सर कॉलेजातून आल्या आल्या मी त्यांना तो सांगितला. सर म्हणाले, "वेळ तीच होती ना?" एवढीच त्यांची शाबासकी.

मी मास्टरसाहेबांची माफी मागितली. कुठून सुरुवात करावी ते कळेना. "मास्टरसाहेब, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. कबुतरांचा काही दोष नव्हता."

"ग़लती सब से होती है, बेटा," ते म्हणाले. "मैं ने बत्तीस साल बच्चों की ड्रॉइंग जाँची. जो रबर से मिटाना जानता है, वही अच्छा ड्रॉइंग करता है. अब ऐसा करो, इतवार को घर आओ. बेगमपुरे वाले को बोल दिया हूँ, सब वापस ला रहा है."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. गच्चीवर दोस्त टोपल्या घेऊन आलेला होता. झाकणं उघडली तशी कबुतरं फडफडत बाहेर पडली, एक चक्कर मारून खाली आली, आणि मास्टरसाहेबांच्या खांद्यावर, हातावर, टोपीवर बसली. सून सुपात बाजरी घेऊन उभी होती, आता उघडपणे. पिसं उडत होती, धूळ उडत होती, सगळे हसत होते.

आणि मला शिंक आली. मग दुसरी. मग मोजायचं राहूनच गेलं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पापण्या इतक्या सुजल्या की समोरच्या मशिदीचा मिनार दिसेना. सुनेनं मला हाताला धरून खाली नेलं, तोंडावर पाणी मारलं, चहा दिला. घरी पोचेपर्यंत मानेवर गांधी उठल्या होत्या. काकांनी विचारलं, "कुठं पडलीस का?"

दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्या उघडल्या मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. आकडा सहाशेच्या पुढं गेला. मी तो वहीत माझ्या नावानं लिहिला. सरांनी वही बघितली, माझे डोळे बघितले. मी ठरवून टाकलं होतं की आपण काही बोलायचं नाही.

"कशानं?" सर म्हणाले.

"काचेवर लिहिलेलं नाही, सर."

सर हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. मग त्यांनी माझी रीतसर चौकशी केली, पोटातले जंत नाहीत ना तेही तपासायला लावलं. नव्हते. महिनाभर कबुतरांपासून लांब राहून पुन्हा मोजलं, तर आकडा खाली. तेवढ्यानंही त्यांचं समाधान होईना. "एकदा गच्चीवर जाऊन ये आणि परत मोज," असं म्हणाले. मी हात जोडले.

त्यानंतरच्या शनिवारी मास्टरसाहेब वहीतली चित्रं मोठी काढून घेऊन आले होते. लॅबच्या भिंतीसाठी पांढऱ्या पेशींच्या पाचही जातींचा तक्ता करायचं त्यांनीच मनावर घेतलं होतं. त्यांना माझ्या आकड्यांची हकीकत कळली, तेव्हा ते आधी गंभीर झाले आणि मग इतके हसले की त्यांना पुन्हा खोकला सुरू होतो की काय, अशी मला भीती वाटली. "या अल्ला! मेरे कबूतराँ मेरी अदालत से छूट गए, और तुम्हारी में पकड़े गए!"

"पर मैं सज़ा नहीं देती, मास्टरसाहेब," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "अपने घर में रहने दो उनको."

त्या लॅबमध्ये मी आणखी नऊ वर्षं काढली. पुढं मोजणारं यंत्र आलं. रक्ताची नळी आत सरकवायची आणि मिनिटभरात सगळ्या जातींचे आकडे छापून बाहेर. आता तर म्हणे रक्तातल्या दुसऱ्याच एका जातीच्या पेशी नळीत घेतात, त्यांच्यावर शेंगदाण्याचं किंवा धुळीचं सत्त्व टाकतात आणि त्या चवताळतात की नाही ते बघतात. माणसाला न टोचता त्याची ॲलर्जी बाहेरच्या बाहेर कळते. मला त्याचं कौतुक वाटतं. पण यंत्राशी बसलेल्या मुलींना मी एकच सांगायचे, आकडा मोठा आला की आधी त्या माणसाशी बोला.

मास्टरसाहेब त्यानंतर बरीच वर्षं होते. दर ईदला निरोप यायचा आणि मी जायचे. गच्चीच्या जिन्याकडं मला कुणी फिरकू देत नसे. मी आल्याचं कळलं की वरून ते ओरडायचे, "बेटा, पाँच मिनट!" मग खाली न्हाणीघरात पाण्याचा आवाज यायचा. ते हातपाय स्वच्छ धुऊन, कुर्ता बदलून, टोपी बदलून, दाढीसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून यायचे. तरीही शेजारी बसायचे नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ओढून घ्यायचे. सून शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात द्यायची, आणि पहिला घास घेऊन झाला तरी ते वाट बघत राहायचे.

"छींक आई?"

"नाही आली, मास्टरसाहेब."

मग ते खुर्ची उचलून जवळ आणायचे आणि आमच्या गप्पा सुरू व्हायच्या.